विद्युल्लता राणीच्या तीन बैठका

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा राज्य करीत होता. राजा मोठा धिम्या स्वभावाचा. न्यायनिवाड्याला बसला की दोन्ही बाजू ऐकायचा, मग पुन्हा एकदा ऐकायचा, आणि सातव्या दिवशी निकाल द्यायचा. पण एकदा दिलेला निकाल त्याला कधी फिरवावा लागला नव्हता. त्याच्या राणीचे नाव विद्युल्लता. जसे नाव तशी राणी. राजाची एक भाकरी खाऊन होईपर्यंत ती धान्याचे कोठार पाहून, पागेत घोड्यांवरून हात फिरवून, दोन दासींचे भांडण मिटवून परत आलेली असायची. तिला बसून जेवताना कोणी पाहिले नव्हते. स्वभाव असे दोन टोकांचे, तरी दोघांचे एकमेकांवाचून पान हलत नव्हते. राजा तिच्या लगबगीकडे कौतुकाने पाही, आणि राणी त्याच्या संथपणावर मनातून विसावा घेई. राज्य सुखात होते.

एका उन्हाळ्यात राजधानीचा तलाव आटला. राजाने गाळ काढायला माणसे लावली. तिसऱ्या दिवशी गाळात तांब्याची एक पेटी सापडली. पेटीत काळ्या मण्यांची माळ होती. मणी एकवीस, आणि प्रत्येक मण्याच्या पोटात निखाऱ्यासारखा लाल ठिपका. सोबत एक ताम्रपट होता, शेवाळाने माखलेला. राजा सभेतच मांडी घालून बसला आणि ओल्या फडक्याने तो पट पुसू लागला. पहिली ओळ दिसली. ‘ज्याच्या गळ्यात ही माळ, त्याला मागचे आणि पुढचे सारे ऐकू येईल.’

दुसऱ्या ओळीवरचे शेवाळ घट्ट होते. राजा सावकाश घासत राहिला. बाहेर उत्सवाची मिरवणूक खोळंबली होती, हत्ती ताटकळले होते. राणीचा जीव वरखाली होऊ लागला. मागचे आणि पुढचे ऐकू येणारा राजा लाभला तर प्रजेचे कल्याणच होईल, एवढाच विचार तिने केला आणि माळ उचलून राजाच्या गळ्यात घातली. राजा हसून म्हणाला की दुसरी ओळ अजून वाचायची आहे. राणी म्हणाली, ती चालता चालता वाचू.

मिरवणूक वेशीपर्यंत पोचली तेव्हा दुसरी ओळ स्वच्छ झाली. ‘आणि ते ऐकणे त्याला थांबवता येणार नाही.’

माळ बोलू लागली होती. पहिला मणी विचारू लागला, पूर्वेचा बुरूज या पावसात ढासळला तर? दुसरा विचारू लागला, प्रधान सकाळी हसला नाही, तो का? तिसरा बारा वर्षांपूर्वीचा एक निवाडा उकरून काढू लागला. त्या दिवशी चूक तर झाली नाही ना, म्हणू लागला. एकविसावा मणी काय विचारतो ते राजाने कोणालाच सांगितले नाही. एका मण्याला उत्तर द्यावे तर दुसरा बोले, दुसऱ्याला द्यावे तर पहिला नवा प्रश्न घेऊन तयार असे.

पाचव्या दिवशी राजाची झोप गेली. दहाव्या दिवशी अन्नावरची वासना गेली. पंधराव्या दिवशी त्याचे हात कापू लागले, आणि त्याला एका जागी बसवेना. गच्चीवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागला. सकाळी सात हुकूम सोडी, दुपारी सातही मागे घेई. राजाची अस्वस्थता राज्याला लागली. घराघरांत दुधाचे दही होईना, कोष्ट्यांच्या मागावर सूत गुंतू लागले, पाळण्यातली मुले दचकून उठू लागली. सोनाराने माळेचा दोरा कापायला कातर लावली, तर दोरा एका बोटाने आखडला. दुसऱ्यांदा लावली, आणखी एका बोटाने आखडला. तिसऱ्यांदा कातर लावायचे धाडस त्याला झाले नाही.

राजवैद्य सोमशर्म्याने नाडी पाहिली. तो म्हातारा वैद्य राणीला बाजूला घेऊन म्हणाला, “राणीसाहेब, नाडी पाठलागातल्या सशासारखी पळते आहे. शरीराला औषध देता येते. पण हे शरीर सारखे पळत असेल तर औषध त्याला गाठणार कसे? आजपासून चाळीस दिवस. त्यापुढचे मला दिसत नाही.”

माळ आपण घातली, एवढे एकच राणीच्या डोक्यात घणासारखे आदळत होते.

त्याच सकाळी वाड्यासमोरच्या उंबरावर एक धनेश पक्षी येऊन बसला. मोठी पिवळी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा. चोचीत उंबरे भरून घेताना त्याने राणीला पाहिले आणि तिची सारी हकीगत विचारून घेतली. मग त्याने सांगितले की ही माळ बोलक्या डोंगरावरच्या कोलाहल नावाच्या मांत्रिकाने केलेली आहे, आणि आपले घरटे त्याच डोंगरावर असल्याने वाट आपल्याला ठाऊक आहे. पायी सात दिवसांची वाट होती, पंखांना काही घटकांची. राणीने राज्य प्रधानावर सोपवले, राजाला वैद्यावर सोपवले आणि ती एकटी धनेशामागून निघाली. वाटेत धनेश मधूनमधून आपल्या घरट्याकडे जाऊन येई.

बोलक्या डोंगरावर कुठलाही आवाज विरत नसे. शंभर वर्षांपूर्वीची हाकसुद्धा दगडांत घुमत होती. डोंगरावरच्या झोपडीत कोलाहल मांत्रिक बसला होता. बसला होता म्हणायचे एवढेच. एका हाताने मुळ्या कुटत होता, दुसऱ्याने काढा ढवळत होता, पायाने भाता चालवत होता आणि तोंडाने तीन मंत्र आळीपाळीने म्हणत होता. राणीला तो भयंकर वाटला नाही, दमलेला वाटला. तिला वाटले, असे आपण कुठेतरी पाहिले आहे.

माळेचे नाव काढताच मांत्रिकाने मान खाली घातली. त्याने सांगितले की तरुणपणी त्याला स्वतःच्या काळज्या सोसवेनात. मंत्राच्या जोरावर त्याने त्या एकवीस मण्यांत कोंडल्या, दोऱ्यात ओवल्या आणि पाण्यात फेकून दिल्या. पण वर्ष सरले नाही तोच डोक्यात तितक्याच नव्या उगवल्या.

“माळ गळ्यातून निघेल कशी?” राणीने विचारले.

“गाठ दिसली की निघेल. तीन बैठका बसणाऱ्यालाच ती दिसते. पहिली शरीराची, दुसरी श्वासाची, तिसरी मनाची. माझ्या गुरूंनी हेच शिकवले होते. ते याला ध्यान म्हणत.”

“मग आपण का बसला नाहीत?”

“मला मंत्र येतात, राणी. बसता येत नाही.”

राणीने पदर खोचला आणि म्हणाली की तिन्ही आजच उरकून टाकू. मांत्रिकाने तिच्याकडे पाहिले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला हसू आले.

पहिली बैठक डोंगराच्या उघड्या माथ्यावर होती. तिथे एका टिटवीने तापल्या खडकावर चार अंडी घातली होती. तिच्या नराला सापाने गिळले होते, आणि तीन दिवस ती अंड्यांवर सावली धरून तहानलेली उभी होती. अट अशी की टिटवी पाण्यावर जाऊन येईपर्यंत राणीने आपल्या तळहातांची सावली अंड्यांवर धरायची. सावली हलली, तर ज्याच्यावरून हलली ते अंडे दगड होईल.

हे तर सोपे आहे, असे राणीला वाटले. टिटवी उडाली. घटकाभरात राणीच्या गुडघ्यात कळ आली. मग पाठीत आली. नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. राणीने कळ सोसली, पण माशी उडवायला हात नकळत उचलला गेला. खाली पाहते तो एक अंडे करडे पडले होते. बोटाने वाजवून पाहिले. दगड.

टिटवी परतली. राणीला मान वर करवेना. पण टिटवी तिला एक शब्दही टाकून बोलली नाही. तिने तो दगड चोचीने बाजूला सरकवला, त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, “तीन राहिली आहेत. उद्या पुन्हा बस.”

त्या संध्याकाळी राणी खूप रडली. धनेश जवळच्या फांदीवर बसून होता. रडून झाल्यावर त्याने तिला सांगितले की कळ आली की तू तिच्याशी भांडायला उठतेस, ते सोडून दे. ती कुठे सुरू होते, केवढी आहे, गरम आहे की गार, ते पाहा. पाहुणीला पाहावे तसे पाहा. हाकलूही नको आणि ताट वाढायलाही धावू नको.

दुसऱ्या दिवशी राणी बसली. पाठ ताठ, पण खांदे सैल. गुडघ्यात कळ आली. राणीने ती पाहिली. सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली, मग पुन्हा सुपारीएवढी झाली आणि विरघळून गेली. माशी आली, नाकावर फिरली, पापणीवर फिरली. तिचे सहा पाय राणीला वेगवेगळे मोजता आले. माशी उडून गेली. सूर्य डोक्यावरून समोरच्या कड्याकडे सरकला आणि टिटवी तृप्त होऊन परत आली. तिन्ही अंडी ऊबदार होती. राणी उठली तेव्हा तिच्या ध्यानात आले की लग्न होऊन या राज्यात आल्यापासून आपले दात आपण आवळूनच धरले होते. आज जबडा सुटला होता.

दुसरी बैठक एका कुंडाच्या काठी होती. त्या कुंडाचे पाणी काठावर बसणाऱ्याच्या श्वासाबरोबर खालीवर होई. मधोमध पानांच्या द्रोणात एक दिवा तरंगत होता. तो आपणहून तरंगत काठाशी आला पाहिजे. श्वास उसळला की लाटा उठत आणि दिवा पलीकडच्या काठाला जाऊन लागे.

मांत्रिकाने सांगितले होते की एक ते दहा श्वास मोजायचे, मोजणे चुकले की पुन्हा एकपासून. राणीने मोजायला सुरुवात केली. चारवर राजा आठवला, सातवर कोठाराचे कुलूप आठवले. पुन्हा एक. दोनवर वाटले की धनेश आपल्याकडे पाहतो आहे. पुन्हा एक. दिवा पलीकडच्या काठाला डोके आपटत राहिला. राणीने चिडून मोजणे भराभर केले, तर कुंडात वादळ उठले आणि तीच भिजली. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी धनेशाने तिला आपल्या घरट्याकडे नेले. एका जुन्या झाडाची ढोली चिखलाने लिंपून बंद केली होती. मध्ये एक चीर तेवढी मोकळी. आत धनेशाची मादी पिल्ले घेऊन बसली होती. पिल्ले मोठी होईपर्यंत ती बाहेर यायची नव्हती. पंखांची पिसेसुद्धा तिने झाडून टाकली होती. धनेश दिवसातून वीस वेळा येऊन चिरेतून तिला उंबरे भरवी, आणि प्रत्येक वेळी ती चोचीने त्याच्या चोचीला हलकेच टोचे.

राणीने चिरेला तोंड लावून विचारले की इतके दिवस अंधारात बसून कंटाळा येत नाही का.

“येतो,” आतून आवाज आला. “मग जातो. पुन्हा येतो, पुन्हा जातो. मी असते.”

राणी तिथेच उभी राहिली. धनेश आला, उंबर दिले, गेला. पुन्हा आला. त्या येण्याजाण्याला घाई नव्हती आणि खंडही नव्हता. परत कुंडाकडे जाताना धनेश तिला एवढेच म्हणाला की तू श्वास मोजतेस ते कोठारातली पोती मोजल्यासारखे. त्याला मोजून कुठे पाठवायचे आहे? त्याची सोबत कर.

राणी काठाशी बसली. श्वास आला, तो नाकपुडीला गार लागला. श्वास गेला, तो ऊबदार लागला. पोट वर आले, पोट खाली गेले. मन कोठाराकडे पळाले. राणीने ते रागे न भरता बोटाला धरून परत आणले, जसे रांगणारे मूल उंबऱ्यावरून आणावे. ते पुन्हा पळाले, तिने पुन्हा आणले. किती वेळा, ते तिने मोजले नाही. कुंड हळूहळू आरशासारखे झाले. राणीच्या गुडघ्याला काहीतरी लागले. पाहते तो द्रोण काठाशी येऊन टेकला होता आणि दिव्याची ज्योत सरळ उभी होती.

त्या दिवशी राणीला कडकडून भूक लागली. तिने धनेशाने आणलेली रानफळे बसून, एकेक करून खाल्ली. मग झाडाखाली ती लहान मुलीसारखी झोपली, आणि उठली तेव्हा उन्हे चांगली वर आली होती.

तिसरी बैठक गुहेत होती. त्या गुहेत मनात येईल ते समोर रूप धरून उभे राही. अट एकच. कोणालाही उत्तर द्यायचे नाही, आणि कोणासाठीही उठायचे नाही.

राणी बसली. थोड्याच वेळात घामाने निथळणारा एक जासूद आत आला आणि म्हणाला की महाराज गेले. राणी किंचाळून उठली आणि त्याच्या मागे धावली. गुहेबाहेर कोणी नव्हते. फक्त ऊन होते. तो दिवस वाया गेला.

दुसऱ्या दिवशी जासूद आला तेव्हा राणी हलली नाही. मागोमाग जळणारे कोठार आले, ढासळणारा बुरूज आला, बोटे दाखवणारी प्रजा आली. राणी बसून राहिली. तेव्हा गुहेच्या तोंडाशी आणखी एक बाई आली. तिचाच चेहरा, तिचाच पदर खोचलेला, हातात काळी माळ. ती म्हणाली, “तू घातलीस.” राणीने सांगू पाहिले की मला ठाऊक नव्हते, मी त्यांच्या भल्यासाठीच केले. ती बाई म्हणाली, “त्यांनी थांब म्हटले होते.” राणीने पुन्हा काही सांगितले. वाद संध्याकाळपर्यंत चालला आणि राणी हरली. तोही दिवस वाया गेला.

तिसऱ्या दिवशी सारे पुन्हा आले. जासूद आला, राणीने त्याला पाहिले, छातीत धडधडले, तेही पाहिले, आणि ती श्वासाकडे परतली. जासूद थोडा वेळ उभा राहिला आणि भिंतीत मिसळून गेला. कोठार जळून विझले. बुरूज ढासळला आणि धूळ खाली बसली. मग ती बाई आली. “तू घातलीस,” ती म्हणाली.

राणी काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते तिने पुसले नाही. ते खरे होते, आणि खरे म्हणून सोसण्यासारखे होते. बाई पुन्हा म्हणाली, “तू घातलीस.” या खेपेला तिचाच आवाज कापला. राणीला दिसले की ती दमली आहे, पायांवर उभीसुद्धा राहवत नाही तिला. राणी किंचित सरकली आणि शेजारी जागा केली. बाई येऊन बसली. दोघी बराच वेळ बसून होत्या. मग राणीने पाहिले तर गुहेत ती एकटीच होती, आणि गुहा इतकी शांत होती की बोलक्या डोंगराचे दगडसुद्धा ऐकायला थांबले होते. त्या शांततेत तिला माळ दिसली, मण्यामण्यांतला दोरा दिसला.

बाहेर कोलाहल मांत्रिक वाट पाहत होता. त्याने विचारले, “गाठ दिसली?”

“गाठ नाहीच आहे,” राणी म्हणाली. “मणी विचारतो आणि माणूस उत्तर देतो. त्या उत्तरालाच मणी लोंबकळलेला असतो. उत्तर मिळाले नाही की तो गळतो.”

मांत्रिकाच्या हातातली पळी खाली पडली. त्याने हात जोडून विनवले की मलाही एकदा बसायला शिकव. चाळीस दिवसांतले चौदा प्रवासाचे म्हणून वजा केले, आणि आठ या डोंगरावर गेले होते. दिवस हातात होते, तरी राजाचा एकेक दिवस कसा जात असेल ते राणीला ठाऊक होते. आधीची विद्युल्लता असती तर केव्हाच डोंगर उतरली असती. राणी मांत्रिकासमोर बसली. भाता थांबला, काढा गार झाला. तिने त्याला पहिल्या बैठकीपासून शिकवले, माशीसुद्धा सांगितली. म्हातारा घटकाभर स्वस्थ बसला आणि त्याच्या पापण्या ओल्या झाल्या. तेवढे झाल्यावर राणीने त्याला नमस्कार केला आणि वाट धरली.

राजधानीत ती पोचली तेव्हा राजा गच्चीवर येरझाऱ्या घालत होता. गालफडे बसली होती, डोळे खोल गेले होते. दोरा आता त्याच्या गळ्याला जेमतेम दोन बोटे सैल होता. राणीला पाहून तो थांबला नाही, त्याला थांबता येत नव्हते. त्याने चालता चालता विचारले, औषध मिळाले का. राणीने त्याला बस म्हटले नाही. ती त्याच्या शेजारून चालू लागली. त्याच्या पावलाशी तिने पाऊल जुळवले, आणि मग आपले पाऊल जरासे, अगदी जरासेच, हळू केले. राजाचेही हळू झाले. सूर्य हातभर वर येईपर्यंत दोघे असे चालले. शेवटी दोघे गच्चीच्या मध्यावर उभे होते. राणी बसली, आणि राजा तिच्यासमोर बसला.

तिने त्याला सांगितले की मणी बोलेल तेव्हा त्याला गप्प करू नका आणि उत्तरही देऊ नका. ऐका, आणि श्वासाकडे या.

“पण राणी, ते खरे बोलतात,” राजा म्हणाला.

“कधी कधी बोलतात, महाराज. पण जे विचारतात, ते आत्ता इथे नसते.”

पहिल्या मण्याने बुरुजाचे विचारले. राजाचे ओठ हलले. राणीने आपला तळहात त्याच्या पोटावर ठेवला, म्हणजे श्वास कुठे आहे ते त्याला सापडावे. मण्याने पुन्हा विचारले. राजाने ऐकले, श्वास घेतला, श्वास सोडला. मणी तिसऱ्यांदा विचारता विचारता अडखळला आणि टपकन खाली पडला. पाहतात तो वाळक्या मातीचा गोळा.

त्या दिवशी चार मणी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा चिडला, म्हणाला की मला हे जमत नाही, आणि उठून गेला. राणी तिथेच बसून राहिली. अर्ध्या घटकेने तो परत आला आणि बसला. त्या दिवशी नऊ पडले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सात पडले. गळ्यात एकविसावा मणी तेवढा राहिला.

तो मणी बोलला, आणि या वेळी तो राणीलाही ऐकू आला. तो विचारत होता, राणी तुझ्याआधी गेली तर?

राजाने तोंड उघडले, उत्तर द्यायला नव्हे, तर काहीतरी विनवायला. दोरा एका बोटाने आखडला. राणीला वाटले, आपण काही सांगावे, वचन द्यावे. पण असे वचन कोणाला देता येत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“हा प्रश्न मलाही पडतो, महाराज,” ती म्हणाली. “त्याला माझ्याजवळही उत्तर नाही. आत्ता माझे हात ऊबदार आहेत का, तेवढे पाहा.”

राजाने पाहिले. ते ऊबदार होते. उजव्या हाताच्या करंगळीजवळ नाडी लागत होती, संथ आणि भरलेली. मणी विचारत राहिला. राजा रडत राहिला, आणि रडता रडता श्वास घेत राहिला. त्याचा श्वास राणीच्या श्वासाला कधी मिळाला ते दोघांनाही कळले नाही. मणी गळून पडला. मागोमाग दोरा उसवला आणि वाऱ्यावर उडून गेला.

राजाने राणीच्या मांडीवर डोके टेकले आणि भर दुपारी, भर उन्हात तो झोपला.

राजवैद्य धावत आला. त्याने नाडीवर बोट ठेवले, डोळे मिटले, आणि मग गच्चीच्या कठड्याशी जाऊन खाली जमलेल्या लोकांना तोंडावर बोट ठेवून दाखवले. राजा झोपला आहे, ही बातमी खुणांनीच नगरभर गेली. लोहारांनी हातोडे खाली ठेवले. बायकांनी मुसळांना चिंध्या गुंडाळल्या. घोड्यांच्या टापांना गवत बांधले. भुंकणारी कुत्री लोकांनी भाकरीच्या लालचीने शेजारच्या गावी नेली. देवळातल्या घंटेची जीभ पुजाऱ्याने फडक्याने बांधली आणि देवाला मनातल्या मनात कारण सांगितले. कामे थांबली तसे लोक ओट्यांवर, झाडांखाली, जिथे होते तिथे बसून राहिले. इतका वेळ स्वस्थ कोणी कधी बसले नव्हते. बसता बसता माणसांना आपापला श्वास ऐकू येऊ लागला. घराघरांत दुधाला विरजण लागले. पाळण्यातली मुले मुठी सोडून झोपली.

राजा तीन दिवस झोपला. दासींनी वर छत्र धरले, राणीने मांडी हलवली नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, आभाळाकडे पाहिले, राणीकडे पाहिले, आणि म्हणाला, “भूक लागली आहे.”

राणी भाकरी आणायला उठायला गेली आणि जागच्या जागी बसली. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. तिने तसे सांगितले, तेव्हा राजा हसला, वैद्य हसला, जिन्यातला पहारेकरी हसला, आणि ते हसू जिना उतरून चौकात आणि चौकातून वेशीपर्यंत गेले. देवळाच्या घंटेचे फडके सुटले.

राजाने मागच्या दिवसांतले सारे उलटसुलट हुकूम रद्द केले, आणि नवा एकही काढला नाही. राणी रोज पहाटे घटकाभर गच्चीवर बसे. राजा बसे. काही दिवसांनी प्रधान येऊ लागला, मग सोमशर्मा, मग ज्याला वाटे तो. सोमशर्म्याने आपल्या पोथीत लिहून ठेवले की या घटकेने निद्रा येते, अन्न पचते, राग लवकर उतरतो आणि नाडी संथ चालते, मात्र ही मात्रा दुसऱ्याने घेऊन चालत नाही. तलावात पावसाचे पाणी भरले. राज्य पुन्हा सुखात नांदू लागले.

हेमांगद राजाला आली तशी निवांत झोप ही कथा सांगणाऱ्याला येवो, ऐकणाऱ्याला येवो, आणि जाग आल्यावर सर्वांना चांगली भूक लागो.